दोन तृतीयांश

साहित्याच्या माणसांना विज्ञानातील शब्दांचा मोह आवरत नाही, ही तक्रार जुनी आहे. त्या तक्रारीतील एक आरोपी या नात्याने आम्ही हा जबाब लिहीत आहोत.

त्याचे झाले असे. २००९ साली मराठवाड्यातील एका महाविद्यालयात अनुवादावर चर्चासत्र होते आणि त्यात आम्ही एक निबंध वाचला. शीर्षक होते ‘अनुवाद : शब्दांचे टेलिपोर्टेशन’. एका भाषेत कविता विरघळते आणि दुसऱ्या भाषेत ती अखंड प्रकटते, हे परकायाप्रवेशाचे कौतुक आता क्वांटम भौतिकीनेही मान्य केले आहे, असा आमचा सूर होता. भौतिकीतील मंडळी अशा प्रेषणाचे यश ज्या मापाने मोजतात, त्याला इंग्रजीत ‘फिडेलिटी’ म्हणतात. अनुवादमीमांसेतही हाच शब्द आहे आणि मराठीत आपण त्याला मूलनिष्ठा म्हणतो. दोन शास्त्रांना एकच शब्द सुचला, यात आम्हांला काहीतरी गूढ संकेत दिसला होता. टाळ्या झाल्या. पुढे तो निबंध एका संपादित ग्रंथात छापला गेला आणि त्यातील वाक्ये पदव्युत्तर वर्गाच्या उत्तरपत्रिकांतून आमच्याकडेच परत येऊ लागली. ‘कविता अनुवादित होऊ शकते हे क्वांटम शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे’, असे एका विद्यार्थ्याने लिहिले होते. आम्ही त्याला गुण दिले. हे आज आठवले की हात आखडतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमची एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. ती मूळची विज्ञान शाखेची. बी.एस्सी.ला द्वितीय भाषा म्हणून मराठी घेतल्यामुळे आमच्या वर्गात बसलेली. पुढे तिने डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले आणि सध्या ती परराज्यात संशोधन करते. चहा होईपर्यंत तिने कपाटावरचा तो ग्रंथ काढून चाळला. मग विचारले, ‘‘सर, हे तुम्ही लिहिलंय?’’ प्रश्नाचा स्वर ओळखीचा होता. तोंडी परीक्षेत आम्ही स्वतःच तो वापरतो.

तिने सांगितले ते आम्हांला समजले तितके येथे मांडतो. सोयीसाठी एक टोक पैठणला आणि दुसरे छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे सुमारे पन्नास किलोमीटरवर, असे धरू. पैठणच्या माणसाजवळ एक क्युबिट आहे, म्हणजे क्वांटम माहितीचा सर्वांत लहान घटक. समजा, एका फोटॉनचे ध्रुवीकरण. त्याची अवस्था काय आहे हे त्या माणसाला ठाऊक नाही आणि ठाऊक करूनही घेता येत नाही, कारण पाहू गेले की ती मोडते. तिची प्रतही काढता येत नाही. अज्ञात क्वांटम अवस्थेची नक्कल करणारे यंत्र असूच शकत नाही, हे १९८२ साली वुटर्स आणि झुरेक यांनी, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे डीक्स यांनी दाखवून दिले. तरीही ती अवस्था दुसऱ्या गावी पोहोचवायची आहे. याचा उपाय १९९३ साली बेनेट, ब्रासार, क्रेपो, जोझा, पेरेस आणि वुटर्स या सहा जणांनी सुचवला. दोन्ही गावांत आधीच एका जोडीचे एकेक कण वाटून ठेवायचे. ही जोडी साधी नव्हे. तिच्यातील दोन कण एकमेकांशी अशा रीतीने गुंफलेले असतात की जोडीचे वर्णन पूर्ण करता येते, एकेकट्याचे नाही. (मराठीत यासाठी ‘गुंतवणूक’ हा शब्द आधी तिला सुचला होता. घरी तो उच्चारताच वडिलांनी म्युच्युअल फंडाची चौकशी सुरू केली, म्हणून ती ‘गुंफण’ म्हणू लागली. आम्हीही तोच वापरतो.) पैठणचा माणूस आपला क्युबिट आणि जोडीतील आपला कण या दोघांचे मिळून एक मापन करतो. उत्तर चारांपैकी एक येते आणि मूळ अवस्था त्याच क्षणी नष्ट होते. ते उत्तर तो साध्या दूरध्वनीवरून कळवतो. संभाजीनगरचा माणूस त्यानुसार चारांपैकी एक ठरलेली क्रिया आपल्या कणावर करतो, त्यांतील एक क्रिया ‘काहीच न करणे’ ही असते, आणि त्याच्या हातातील कण पैठणच्या क्युबिटच्या अवस्थेत येतो.

यात आमच्या निबंधाचे तीन ठिकाणी पितळ उघडे पडते. अनुवादाने मूळ कविता नष्ट होत नाही, ती जागच्या जागी राहते. दूरध्वनी येईपर्यंत संभाजीनगरच्या माणसाजवळ कवितेची पुसट छायाही नसते. निव्वळ यदृच्छा असते. आणि तिसरे, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते म्हणजे आम्ही ‘अखंड’ असा शब्द बिनदिक्कत वापरला होता. ‘‘अखंड पोहोचतं ते कागदावर, सर. माझा सगळा प्रबंध ते अखंड पोहोचत नाही यावर आहे.’’

ती जोडी कोठेतरी निर्माण होते, काचतंतूतून वा हवेतून प्रवास करते, साठवली जाते आणि या सगळ्यात झिजते. या झिजेला इंग्रजीत ‘नॉइज’ म्हणतात. मराठीत त्याचा गोंगाट करावा का, यावर आमचा थोडा वाद झाला. गोंगाट कानांवर येतो. हा प्रकार मुका आहे. आमच्या मते याला जवळचा शब्द जुन्या पोथ्यांच्या कपाटात सापडतो : कसर. कपड्याला, कागदाला लागते ती. आपल्या भाषेने त्या किड्याच्या नावालाच उणिवेचा अर्थही दिला आहे, हे आयतेच झाले. या कसरीच्या जाती वेगवेगळ्या आहेत. एका जातीत क्युबिटची दोन रूपे अधूनमधून उलटीपालटी होतात. दुसरीत रूपे शाबूत राहतात, पण त्यांच्यातील परस्परसंबंध, म्हणजे कला, विस्कटते. तिसरीत कण वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर घरंगळतो. चौथी सरसकट आहे. ती सगळ्याच दिशांनी अवस्थेला पुसट करते. याखेरीज कण प्रवासात सरळ हरवतो, ते निराळेच. उत्तम काचतंतूतसुद्धा पन्नास किलोमीटरला दहांपैकी एकच फोटॉन पोहोचतो. पैठणपर्यंत हे चालून जाईल; मुंबईपर्यंतच्या सुमारे साडेतीनशे किलोमीटरांत मात्र हाच हिशेब एक कोटीतून एकावर येतो. वाटेत आवाज वाढवणारी यंत्रे बसवावीत म्हटले, तर नकलेला बंदी आहे.

आता त्या मूलनिष्ठेकडे येऊ. भौतिकीत ती शून्य ते एक यांमधली संख्या आहे. आलेली अवस्था पाठवलेल्या अवस्थेशी तंतोतंत जुळली तर एक. पण एखादीच अवस्था चांगली उतरली, एवढ्यावर श्रेय मिळत नाही. संभाव्य सर्व अवस्थांवर सरासरी काढावी लागते. आम्ही क्षणभर थबकलो. अनुवादावर बोलताना आपण आपल्या आवडीच्या चार ओळी फळ्यावर लिहितो आणि त्यांवरून निकाल देतो. सर्व संभाव्य कवितांवर सरासरी काढायची झाली तर आमच्या परिचयातील किती अनुवादक उरतील कोण जाणे.

या सरासरीला एक उंबरठा आहे. संभाजीनगरच्या माणसाने काहीच न ऐकता नुसता अंदाज केला, तर सरासरी निम्मी येते. गुंफलेली जोडी मुळीच नाही, असे धरून पैठणच्या माणसाने आपला क्युबिट मोजला, जे दिसले ते दूरध्वनीवर सांगितले आणि त्यावरून येथे नवा कण घडवला, तर जास्तीत जास्त दोन तृतीयांश. यापलीकडे कोणतीही युक्ती जात नाही, हे १९९५ साली मासार आणि पोपेस्कू यांनी सिद्ध केले. म्हणजे सहासष्ट टक्क्यांच्या थोडे वर. आमच्या विद्यापीठात एवढ्यावर प्रथम श्रेणी मिळते. येथे मात्र या गुणांचा अर्थ एवढाच की जे घडले ते टेलिपोर्टेशन नव्हते. पाहून सांगणे होते. दोन तृतीयांशाच्या वर जे काही असेल, तेवढेच गुंफणीचे म्हणायचे. २०१७ साली चिनी शास्त्रज्ञांनी तिबेटमधून मिसियस उपग्रहाकडे अशी प्रेषणे केली. अंतर पाचशेपासून चौदाशे किलोमीटरांपर्यंत आणि मूलनिष्ठा सरासरी ०.८०. आकाशात इतक्या दूर जाऊन ऐंशी टक्के! आम्ही २००९ साली न मोजता शंभर टक्के वाटून मोकळे झालो होतो.

झीज अटळ असेल तर तिच्यासकट जास्तीत जास्त मूलनिष्ठा कशी मिळवावी, हा तिच्या विषयाचा गाभा. आणि येथे पाठचिकित्सा शिकवणाऱ्या माणसाला घरी आल्यासारखे वाटते. आमच्याच जिल्ह्यात, पैठणला, शके १५०६ मध्ये म्हणजे १५८४ साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. मूळ रचनेला तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षे होत आली होती आणि नकलांमागून नकला होताना पाठ बिघडले होते. नाथांनी ते निवडले आणि पुढे कोणी आपल्या पदरच्या ओव्या त्यात घालू नयेत, असे कडक शब्दांत बजावून ठेवले. अशा कामात संपादकाला लेखनिकांच्या खोडी कळाव्या लागतात. ‘घ’चा ‘ध’ आणि ‘म’चा ‘भ’ कोण करतो, ओळीच्या शेवटी कोणाचा हात घाई करतो, हे कळले की चूक वाचूनही बरोबर शब्द सांगता येतो. क्वांटम प्रेषणातही हाच पहिला धडा आहे. कसर कोणत्या जातीची आणि दोहोंपैकी कोणत्या टोकाला किती लागली, हे आधी कळले तर जोडीची निवड, पैठणचे मापन आणि संभाजीनगरची दुरुस्ती ही तिन्ही त्या झिजेला बेतून बदलता येतात.

ही तुलना तिला चालली. मात्र नाथांपुढे पुष्कळ प्रती होत्या, असे आम्ही म्हणताच ती म्हणाली, ‘‘तिथेच रस्ते वेगळे होतात.’’ क्वांटम मंडळींनाही पुष्कळांतून एक शुद्ध करण्याची कला येते. १९९६ साली बेनेट आणि सहकाऱ्यांनी तिची रीत दिली : झिजलेल्या अनेक जोड्या घ्यायच्या, त्यांची आपसांत पडताळणी करायची आणि थोड्याच पण चांगल्या जोड्या मिळवायच्या. पण पडताळणीत वापरलेली जोडी संपते. नाथांना प्रत्येक पोथी ताडून झाल्यावर जाळावी लागली असती तर? आणि पुरेशा जोड्या नसतीलच तर? हातात एकच असेल तर?

या ‘एकच’विषयीचे निष्कर्ष विलक्षण आहेत. त्यांतला एक पोलंडमधला. होरोदेत्स्की हे एक कुटुंबच या शास्त्रात आहे. वडील रिशार्द, मुलगे मिखाऊ आणि पावेऊ. (आपल्याकडे पखवाजाची घराणी असतात, तसे.) त्यांनी आणि त्यांचे सहकारी बाद्झ्योंग यांनी २००० साली दाखवले की काही झिजलेल्या जोड्या अशा असतात की त्या जशाच्या तशा वापरल्या तर दोन तृतीयांशाच्या वर जात नाहीत, परंतु त्यांच्या एका टोकाला मुद्दाम आणखी थोडी विशिष्ट प्रकारची झीज होऊ दिली तर त्या उंबरठा ओलांडतात. ढोबळ मानाने सांगायचे तर एक कण खालच्या पायरीकडे घरंगळलेला असतो. दुसऱ्यालाही थोडे घरंगळू दिले की दोघांचा तोल पुन्हा जमतो. यात गुंफण वाढत नाही. ती अशा एकतर्फी उपायाने वाढूच शकत नाही, उलट घटते. वाढते ती प्रेषणासाठीची उपयुक्तता. २०१५ साली ब्राझीलमधील फोर्तेस आणि रिगोलिन यांनी झिजेच्या चारही जातींची वेगवेगळी सरमिसळ तपासून अशी आणखी उदाहरणे काढली. झीज टळणारच नसेल तर सगळ्या कणांना एकाच जातीची लागण्यापेक्षा वेगवेगळ्या जातींची लागलेली बरी, असे त्यांना आढळले.

हे ऐकताच आमच्या मनात तो जुना मोह पुन्हा उभा राहिला. मूळ खडबडीत असेल तर आपली भाषाही मुद्दाम खडबडीत करणारे अनुवादक आम्हांला आठवू लागले. आम्ही तोंड उघडले तेवढ्यात ती म्हणाली, ‘‘सर, परत?’’ आम्ही कपातला उरलेला चहा संपवला.

दुसरा निष्कर्ष व्हेरस्ट्राटे आणि व्हेरशेल्डे यांचा, २००३ सालचा. दोन क्युबिटांची एकच जोडी, कितीही झिजलेली असो, तिच्यात गुंफण कणभर जरी उरली असेल, तरी योग्य त्या स्थानिक क्रिया आणि एकाच दिशेने केलेला एक दूरध्वनी यांच्या बळावर मूलनिष्ठा दोन तृतीयांशाच्या वर नेता येते. नेहमी. त्यांची रीतही पाहण्यासारखी आहे. एका टोकाचा माणूस आपल्या कणाला चाळणी लावतो. कण चाळणीतून गेला तर उत्तम, जोडी सुधारते. न गेला तर जोडी गेली असे समजून दोघे ठरलेल्या साध्या अवस्था नव्याने मांडतात आणि तेवढ्यापुरते अंदाजावर भागवतात. या अपयशांसकट सरासरी काढली तरी ती उंबरठ्याच्या वर राहते. या सिद्धतेतील गणित आम्हांला कळत नाही; विधान कळते. ते आम्ही तिला दोनदा म्हणायला लावले.

हे सगळे केवळ कागदावर नाही. २०२४च्या डिसेंबरात अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील प्रेम कुमार यांच्या गटाने सुमारे तीस किलोमीटर लांबीच्या काचतंतूतून टेलिपोर्टेशन केल्याचे प्रसिद्ध झाले. आमच्या शहरातून वेरूळला जावे तेवढे हे अंतर. त्याच तंतूतून त्याच वेळी सेकंदाला चारशे गिगाबिट इतकी साधी इंटरनेट वाहतूक चालू होती. त्या झगमगाटात एकेकटा फोटॉन कसा टिकावा? त्यांनी प्रकाशाचे विखुरणे बारकाईने तपासले, वाहतुकीपासून दूरची, १२९० नॅनोमीटरची तरंगलांबी त्याच्यासाठी निवडली आणि खास गाळण्या लावल्या. वर्दळ थांबवली नाही. वर्दळीतली निवांत जागा शोधली. आपल्याकडे २०२३च्या एप्रिलमध्ये ६००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी मिळाली. २०२४च्या ऑगस्टमध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सहा क्युबिटांच्या अतिसंवाहक प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाली. त्यात पुण्याच्या डीआरडीओ प्रयोगशाळेचा आणि टीसीएसचा सहभाग होता. त्या यंत्रातील प्रत्येक क्युबिटलाही कसर लागतेच, असे ती म्हणाली. सगळा झगडा तिच्याशीच आहे.

आता आमच्या घरातल्या एका प्रतीविषयी. आमचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, पैठण तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी छापील ज्ञानेश्वरी समोर ठेवून वह्यांमध्ये उतरवून काढली. पुढे हात थरथरू लागला, तरी लिहीत राहिले. त्यांच्या पश्चात त्या वह्या आमच्याकडे आल्या. ओव्यांतल्या चुका आम्ही हौसेने दुरुस्त केल्या. छापील प्रत शेजारी असल्यावर त्यात काय कठीण? पण दादांनी समासात स्वतःचे काही लिहून ठेवले आहे. कोठे शब्दाचा अर्थ, कोठे शेतातला दाखला, कोठे कोणाला सांगायचे राहून गेलेले एखादे वाक्य. ते छापील प्रतीत नाही. ते फक्त तेथेच आहे. कागद स्वस्तातला, आता इतका ठिसूळ झाला आहे की वही उघडली की कडांचा चुरा मांडीवर पडतो. म्हणून अकरा वर्षे आम्ही ती फारशी उघडली नाही.

हे आम्ही तिला सांगितले, आणि खरे बोलायचे तर त्यामागे थोडा डाव होता. एकच प्रत, वाचू गेले की मोडणारी, थोडीशी उरलेली : आता तरी ती आमची उपमा मान्य करील, असे वाटले. व्हेरस्ट्राटेंचे ते ‘नेहमी’ आम्हांला त्या वहीसाठी हवे होते.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘सर, राग मानू नका. क्युबिटची प्रत निघत नाही. वहीचा फोटो निघतो. तुम्ही काढला नाहीत.’’

राग मानण्यासारखे त्यात काही नव्हते. अकरा वर्षे आम्ही एका साध्या कामाला निसर्गनियमाचा आडोसा दिला होता. त्या रात्री आम्ही वही काढली. ती टेबलावर पांढरी चादर अंथरून बसली, पानांच्या दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर दिवे ठेवले आणि आम्ही दोन पोस्टकार्डांच्या मध्ये धरून एकेक पान उलटत गेलो. एकशे ब्याण्णव पाने. पडलेला चुरा तिने पानांच्या क्रमाने लिफाफ्यांत भरला. काही तुकड्यांवर अक्षरे होती.

फोटो आता आम्ही मोठे करून वाचतो. दादांच्या हाताच्या खोडी हळूहळू कळू लागल्या आहेत. उतारवयात ते वेलांट्या गाळत आणि अनुस्वार एक अक्षर पुढे देत. हे ध्यानात आल्यापासून बरेचसे समास उलगडले. तेराव्या अध्यायाच्या वहीत एका पानाचा खालचा कोपरा मात्र गेलेला आहे. तेथे समासातले वाक्य आमच्या नावाने सुरू होते, पुढे ‘तुला’ असे दोन अक्षरी शब्द आहेत तसे दिसते, आणि मग कागद संपतो. त्या पानाच्या लिफाफ्यात नऊ तुकडे आहेत. त्यांपैकी चार आतापर्यंत जुळले. पाचव्यावर एक काना आहे, तो कोणत्या अक्षराचा ते अजून ठरलेले नाही.